मीमूनची ओळ

तांजिअर

लल्ला तामू, तुझ्या हाताचं चुंबन.

मी बरी आहे, रोज हरिराचं सूप करून पिते. तुझा गुडघा कसा आहे?

"या वयात कसली गं शाळा?" असं तू हसली होतीस. पण नमाजाच्या वेळा सांगणारा माझ्या लेकाचा, मीमूनचा प्रोग्रॅम सगळ्यांना वाचायला खुला आहे. तो अल्लाघरी गेल्यावर मी त्यावरच प्रोग्रॅम लिहायला शिकले. त्याने आतल्या प्रत्येक गोष्टीला नावं इतकी साधी दिलीत की वाचता वाचता कळतं.

त्यातच चूक सापडली. रमजानात आपली घड्याळं तासभर मागे जातात, हेच मीमून विसरला होता. लोकांचा रोजा तासभर उशिरा सुटला असता. दुरुस्ती जमली, पण त्याची ओळ खोडायला हात धजेना.

तसं कळवल्यावर, आता प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या हाज बुश्तांनी लिहिलं, "लल्ला यमना, उपाशी माणसांना किती ताटकळवाल? आणि बदल का केलात, तेही एका ओळीत लिहा. मीमून लिहायचा."

मी लिहून पाठवलं. आज ते प्रोग्रॅममध्ये घेतलं गेलं.

मग त्यांनीच दाखवलं, इथे जुनं काही पुसलं जात नाही. माझ्या ओळीमागे त्याची ओळ त्याच्या नावानिशी तशीच आहे.

गुडघ्याला तेल लाव.

तुझी धाकटी बहीण,
यमना