पेटीतला ठोका

३ डिसें. १९९३, जळगाव
धुळ्याच्या जिनिंग मिलचं काम शेवटी माझ्याच गळ्यात. कापूस पुढे ढकलणाऱ्या स्क्रूची मोटर दिवसभर चालू-बंद. ती जोडणाऱ्या-तोडणाऱ्या काँटॅक्टरचे पॉइंट जळतात, ठिणगी उडते, आणि खाली रुई! म्हणून त्याजागी सॉलिड स्टेट रिले, हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच. ठिणगी नाही, खडखड नाही. मिलचे शेठ म्हणतात, "मोटर साडेसात अँपिअर घेते ना? मग दहाचा पुरे." चालू होताना सहापट ओढते, हे डोक्यात शिरेना. ट्रायलला दहाचाच लावतो. जळाला की कळेल त्यांना.

९ डिसें., धुळे
जळाला.
स्क्रू तुंबला, ऑपरेटरनं लाल बटण दाबलं. अडकलेला कापसाचा बोळा काढायचं काम तिथल्या मजूर सुमनअक्कांचं. जिनच्या गोंगाटात काही ऐकू येत नाही, म्हणून त्या डावा तळवा स्विचच्या पेटीच्या पत्र्यावर ठेवतात. काँटॅक्टर सुटल्याचा ठोका लागला की उजवा हात आत. (मेन स्विच पाडायचा नियम भिंतीवर आहे. मेन हॉलच्या त्या टोकाला, कोण जातंय.) आज हात घालेनात. शेठ ओरडले. अक्का म्हणाल्या, "ठोका लागना नही. बंद शे कशावरून?"
तेवढ्यात बोळा सुटला आणि स्क्रू गरगर फिरला. रिले जळून आतून शॉर्ट. बटण बंद, मोटर चालूच.

१० डिसें., जळगाव
आवाज नाही म्हणून मीच मिरवत होतो! शेठचा फोन: "जुनंच बसवा परत." म्हणजे परत ठिणगी. आग नाहीतर अक्कांचा हात, असं निवडायचं? मी नाही निवडणार.

१७ डिसें.
ठरलं. रिले चाळीस अँपिअर, बाराशे व्होल्टचा, तापू नये म्हणून हीटसिंक दणदणीत. जोडीला घट्ट बंद पेटीत काँटॅक्टर. आधी रिले वीज तोडेल, मग हा सुटेल, म्हणजे ठिणगी नाही. रिले अडकलाच तर हा तोडेल. ठोकाही देईल. पेटी अक्कांच्या डाव्या हाताशी.

२१ डिसें., धुळे
बसवलं. रिकामं चालवलं, ठोका स्पष्ट. अक्कांनी तळवा ठेवून मान हलवली, पण उजवा हात पदराखालीच. म्हटलं, अक्का, आता बिनधास्त घाला.
"मंग पह्यले तू घाल, भाऊ."
शेठ हसले. मला हसू आलं नाही. बरोबर बोलल्या.
उद्या कापूस भरून चालवायचं. तुंबला की पहिला हात माझा. जोडणी परत तपासली, सगळं ठीक आहे. तरी मगाशी ताटावर बसलो आणि उजव्या हाताकडेच बघत राहिलो.