पाणी दादाचं, मासे माझे

मी, खाली सही करणारी, घरात चिंगी म्हणून ओळखली जाणारी, अविवाहित, धंदा माशांची पिल्लं वाढवून विकणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. फुप्फुसांबद्दल मात्र ते फारसं चांगलं बोलत नाहीत. मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. माझ्यापाशी आहे ते पाहता एवढी तसदी कोण घेणार?

१. माझी मिळकत कोणती, हे सांगायचं तर आधी बाबांचं मृत्युपत्र सांगावं लागतं. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. हे तळं आणि काठावरचं घर त्यांचं. आपल्या मागे आम्ही भावंडं तळ्याच्या मधोमध बांध घालू आणि दोन डबकी करून बसू, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून त्यांनी फळ्यावर आखायचे तसे कागदावर दोन रकाने आखले. एकात निर्जीव घटक : पाणी, गाळ, दगड, जमीन, घर. दुसऱ्यात सजीव : मासे, बेडूक, गोगलगायी, पाणवनस्पती, शेवाळ, काठची झाडं, "तसेच डोळ्यांना न दिसणारे सर्व जीव". निर्जीव थोरल्या दादाला, सजीव मला. घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क मला वेगळा लिहून दिला.

वकील म्हणाले होते, "मास्तर, अशी वाटणी कुणी करत नाही हो."

"म्हणूनच लोकांची भांडणं होतात," बाबा म्हणाले.

एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही, तेव्हा पोरं धरून राहतील, असा त्यांचा हिशेब. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं, स्वतःची दोन ओळखायला चुकले.

२. माझ्या हिश्श्याचं काय झालं ते नोंदवून ठेवते, कारण पुढे कोणी विचारणार नाही.

दादाने त्याचा वाटा फार निगुतीने सांभाळला. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. त्याला पाणी स्वच्छ लागे. झाडावरचं पान माझं, पण गळून पाण्यात पडलं की मेलं, म्हणजे त्याचं, असं म्हणून तो रोज सकाळी जाळीने पानं काढायचा. त्या पानांवर जगणाऱ्या गोगलगायी आणि किडे उपाशी मेले. मग एका उन्हाळ्यात त्याने गाळ उपसला.

"दादा, गाळात माझं अर्धं बिऱ्हाड आहे," मी म्हणाले.

"तुझं वेचून घे आणि माझा गाळ मला दे," तो म्हणाला. वहिनी हसली. खरं तर मलाही हसू आलं होतं.

त्यानंतर काठ खचू नये म्हणून त्याने चारी बाजूंनी सिमेंट घातलं. काठचं गवत गेलं आणि बेडकांना चढायला जागा राहिली नाही. माझं उत्पन्न घटलं तसे मी जास्त मासे सोडले आणि जास्त खाद्य टाकलं. खाद्य माझं, ते कुजलं की त्याचं. सगळं बाबांच्या कागदाबरहुकूम चाललं होतं. दोघांनीही आपापला वाटा जिवापाड जपला आणि तळ्याकडे कोणी पाहिलं नाही.

३. एका उकाड्याच्या पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडं उघडून हवा ओढत होते. उन्हं चढेपर्यंत पाणी पांढऱ्या पोटांनी भरलं. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. दादा हातगाडी घेऊन आला आणि म्हणाला, "मेलेले माझ्या वाट्याचे आहेत. तू घरात जा."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. एका छपराखाली राहून आम्ही वहिनीमार्फत निरोप पाठवत आलो. बिचारीची टपालपेटी झाली. गेल्या महिन्यात माझ्या उशाशी बसली असताना ती म्हणाली, "तुम्हाला मेलेले मासे उचलायला लागू नयेत म्हणून बोलले हो ते. परसात एकटे खड्डे खणत होते. रात्री जेवले नाहीत." इतकी वर्षं हे का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तिला वाटलं होतं, मला माहीत आहे.

४. जाळी, हवा सोडायचा पंप आणि पिल्लं न्यायचे डबे मासे नेणाऱ्या व्यापाऱ्याला द्यावेत. अख्खा सजीव हिस्साच घे, असं मी त्याला विचारून पाहिलं होतं. "ताई, पाण्यावाचून मासे घेऊन काय करू?" म्हणाला. हिस्सा घेतला नाही, पण दोन कप चहा पिऊन गेला.

बँकेतली शिल्लक वहिनीला. त्यातून दादाने औषधं आणावीत, सिमेंट आणू नये.

बाबांचं सूक्ष्मदर्शक यंत्र माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे आहे. ते निर्जीव असल्याने कायद्याने दादाचं. मी दिलं नाही आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. ते पुतणीला द्यावं.

५. आता मुख्य गोष्ट. दादानंतर जमीन पुतणीची. तिने गिऱ्हाईक आणलं आहे. त्याला तळं बुजवून गाड्या उभ्या करायला जागा हवी आहे. माझी सही नसेल तर तो व्यवहार करत नाही, कारण कागदावर त्या पाण्यात अजून माझं कोणीतरी राहतं. एवढ्या एका अडसरावर तळं टिकून आहे.

"आत्या, त्यात आता जिवंत आहे तरी काय?" पुतणी म्हणाली. चिडून नव्हे, खरंच विचारत होती. मी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब धरून पाहिला. थोडं शेवाळ आणि डासांच्या अळ्या.

हा हिस्सा परक्याला दिला तर सही अडून राहील आणि घाण पाणी आणखी काही वर्षं सिमेंटात साचून राहील. त्याने काही परत येणार नाही. म्हणून माझा संपूर्ण सजीव हिस्सा, दिसणारा व न दिसणारा, मी बिनशर्त माझ्या दादाला देत आहे. तो विकेल. पुतणी त्याला विकायला लावेल आणि त्याच्यात आता नाही म्हणायचं बळ नाही. हे मला ठाऊक आहे. विकण्याआधी एक दिवस तरी तळं पुन्हा एकाच माणसाचं असावं, एवढंच मला हवं होतं. जास्त मागण्यासारखं काही उरलेलं नाही.

६. वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही करत आहे. ज्याला मिळायचं त्याने साक्षीला बसू नये असं वकील म्हणाले, म्हणून दादा बाहेर पायरीवर बसला आहे. हातात खराटा आहे आणि पायरीवरचं शेवाळ खरवडतो आहे. मी जिवंत आहे तोवर ते शेवाळ माझं आहे. पण त्याला कोणी थांबवू नये.

सही : चिंगी

साक्षीदार :
१. मला तपासणारे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या गॅरेजमधला मेकॅनिक (सही; हात पुसून केली, तरी डाग पडला आहे)

ठिकाण : तळ्याकाठचं घर, मागची खोली
तारीख : वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे