केबिनमधली दुसरी खुर्ची

बाबा, मागच्या आठवड्यात मी साहेबांच्या केबिनमध्ये न बोलावता गेले आणि तुमच्यासारखी नुसती बसून राहिले. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या सरकारी विमान कंपनीच्या हँगरमध्ये युनियनचा रिवाजच होता, की जाब द्यायला बोलावलेल्या मेकॅनिकनं एकट्यानं आत जायचं नाही. शेजारी दुसरा कुणीतरी बसणार, आणि तो दुसरा बहुतेक वेळा तुम्हीच. दिल्लीतल्या पहाडगंजच्या शाळेतून घरी आले की मी विचारायची, "आज काय बोललात?" बूट काढता काढता तुम्ही म्हणायचात, "काही नाही. बसलो." मला ते फार पुळचट वाटायचं.

मला खासगी विमान कंपनीत इंजिनिअरची नोकरी लागली तो रविवार आठवतो. तुम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत बसला आहात. पगार ऐकून तुमचा हात थांबतो, कारण निवृत्त होतानाही तुम्हाला तेवढा नव्हता. मग मी पुढची अट वाचते, आपला पगार सहकाऱ्यांना सांगायचा नाही, आणि तुम्ही भडकता. "आमच्या पगाराचे तक्ते नोटीस बोर्डावर लागायचे! शेजारच्याला किती मिळतात हे विचारायचीही चोरी? असली कसली नोकरी!" मीही तुमचीच मुलगी. म्हटलं, "तुमच्या युनियननं कामचुकारांनाही पाठीशी घातलंच की." तुम्ही हसलात. "घातलं ना! त्यांच्याही शेजारी मीच बसलो, आणि बाहेर आल्यावर शिव्याही मीच घातल्या."

आमच्याकडे युनियन नाही. पगार उत्तम, पण बोलावणं ज्याचं त्याला येतं आणि माणूस एकटाच आत जातो. माझ्या शिफ्टमधल्या एका कंत्राटी मेकॅनिकला, हरियाणातल्या झज्जरकडचा आहे, विमानाचा ब्रेक झिजलेला दिसला. मी तपासलं, ब्रेक बदलायला सांगितलं, विमानाला उशीर झाला. निर्णय माझा होता, पण बोलावलं त्याला. उशीर तुझ्या चुकीमुळे झाला असं लिहून दे, नाहीतर करार पुढे वाढणार नाही, असा निरोप होता. दारात तो कुजबुजला, "मॅडम, आप क्यूँ पंगा ले रही हो?" मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

"आपको किसने बुलाया?" साहेबांनी विचारलं.

"किसी ने नहीं, सर. बस बैठी हूँ."

बाबा, तुमच्या त्या बसण्याची किंमत तेव्हा कळली. जे एकट्या माणसाला बेधडक सांगता येतं, ते दुसऱ्यासमोर साहेबांच्या तोंडून निघेना. शेवटी "देखते हैं" म्हणून त्यांनी विषय गुंडाळला. तो गडी अजून कामावर आहे. तुमचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःचाही वाटला.

काल मलाच बोलावणं आलं, माझ्या बढतीबद्दल "जरा बोलायला". दार उघडलं तर तो मेकॅनिक आधीच आत बसलेला. करार त्याचा टांगणीला, आणि हा बसलाय! साहेब काय काय बोलले ते मला धड आठवतही नाही. भीती वाटली नाही, एवढं आठवतं.

तुम्ही गेल्यावर लिहिलेलं हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून विचारते. तुम्हाला बोलावलं जायचं तेव्हा तुमच्या शेजारी कोण बसायचं, बाबा? मी कधी विचारलंच नाही.