तळेगावला उतरलो नाही

चिंचवड,
ता. ४ डिसेंबर १९५७

प्रिय हनीफ,

रविवारी सहलीहून परतताना तळेगावला उतरेन म्हणून कळवलं होतं आणि उतरलो नाही. गुलशनवहिनींनी मटण शिजवून ठेवलं असणार आणि तू काठी टेकत फलाटावर आला असणार. असणार काय, होतासच. मी डब्यातून पाहिलं. पाहून खिडकीपासून मागं सरकलो. शिव्या द्यायच्या त्या पत्र संपल्यावर दे.

सहल तशी चांगली झाली. पिंपरीच्या नव्या कारखान्याचं धुराडं बांधणारे आम्ही सगळे, बायकांसह, मळवलीला उतरून लोहगडावर गेलो. गड मीच दाखवत होतो, हे तुला सांगायला नको. माझ्या हाताखालच्या ज्योतीरामला प्रत्येक दरवाज्यापाशी थांबवून मूळचा चुना कुठला आणि मागाहून भरलेला कुठला ते दाखवलं. तो म्हणाला, "मुकादम, गडाची बिलं तुमीच पास केलती वाटतं." सगळे हसले, मीही हसलो. कारखान्याचा नकाशा वाचायला मला कुणी शिकवलं नाही, तशी भिंत वाचायलाही शिकवलं नाही. स्वतःच्या अकलेनं शिकलो, मग बोलू नको तर काय करू? वर दर्ग्यावर तुझ्या नावानं फुलं वाहिली.

तिथून विंचूकाट्याकडे निघालो. गडाच्या अंगातून बाहेर आलेली ती डोंगराची चिंचोळी सोंड तुझ्या पाहण्यातली आहे. दोन्ही अंगांना दरी आणि टोकाला बुरूज. वाट अरुंद खरी, पण आपण ज्या परांचीवर उभं राहून जन्म काढला तिच्या फळीपेक्षा कितीतरी रुंद. मी सगळ्यांच्या पुढं होतो. मध्यावर आलो आणि पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. वारा नव्हता. भाकरी खाल्लेली होती. वहाणा जुन्या, पायाला बसलेल्या. घसरलो नाही, मागून कुणी ओरडलंही नाही. बांबू ठोकून पाहावा तसं एकेक कारण ठोकून पाहिलं, एकातही दोष सापडेना. फक्त खालचं रान एकदम वर आल्यासारखं वाटलं. मी खाली बसलो. मागच्यांना म्हणालो, इथला चुना वेगळा दिसतोय, जरा बघू द्या. आणि हनीफ, गवताची मूठ घट्ट धरून मी खरोखरच चुन्यावर बोलत राहिलो.

यशोदेनं चुन्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाली, "अवं, धरा मला. डोळ्यांपुढं अंधारी येतीय. मला न्हाई जायचं फुडं." ज्योतीरामनं चिडवलं, "काकू, मुकादमाची बायको अन् भ्याली व्हय?" ती म्हणाली, "भ्याले बाबा. त्यात काय चोरी हाय?" तिनं माझा हात धरला आणि मला परत आणलं. लोकांना दिसलं ते असं की मी तिला आणलं.

गडाखाली एका पारशी शेठची बाग आहे. त्यानं हौसेनं जनावरं पाळलीत, रविवारी लोकांना आत सोडतात. हरणं, मोर, मावळातच धरलेला एक बिबट्या. सगळे बिबट्यापाशी. मी वानरांच्या पिंजऱ्यापुढं अडकलो. आत एक वाळकं झाड रोवलंय, त्यावर सगळी कळपानं बसलेली, आणि एक थोराड नर तेवढा खाली, पाठ गजांना लावून. राखणदार म्हणाला, "पडलं एकदा वरनं. लागलं काय न्हाई. पर तवाधरनं चढतच न्हाई. बाकीची वरनं टरफलं टाकत्यात अंगावर." बायका हसल्या. ते वानर मात्र वर बघतही नव्हतं. दोन्ही हातांनी त्यानं जमीन धरली होती, जशी काही तीही सुटणार होती.

सोमवारी कामावर गेलो. आपली रीत तू विसरला नसशील: वरच्यानं खालच्याचा दोर बांधायचा आणि खालच्यानं ती गाठ कधी ओढून बघायची नाही. ओढली तर तो वरच्याचा अपमान. मी वर पोहोचलो, ज्योतीरामचा दोर बांधायला घेतला, तर डावा हात बांबू सोडेना. बोटांना मनात सांगितलं, शिव्या दिल्या, सोडेनातच. शेवटी एका हातानं गाठ मारली. ज्योतीरामनं रीतीप्रमाणं ती बघितली नाही. शीळ घालत, दोराला अंग टाकून वर आला. काही झालं नाही. त्यानं कंबर मोकळी केल्यावर गाठ सोडायला मी बोट लावलं, आणि ती नुसत्या बोटानं उलगडली. तो वरून रस्त्यावरच्या बैलगाड्या मला दाखवत होता. मला फक्त त्याची पाठ दिसत होती.

कालपासून मी वर गेलेलो नाही. कमरेत उसण भरलीय असं साहेबांना सांगितलंय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पुढच्या सोमवारी तुझा पोरगा अजीज कामावर येतोय. त्याला दुसऱ्या कुणाच्या नाही, कोंडाजीच्याच दोराला लाव, असं तू लिहिलंस. ते वाचून मला किती अभिमान वाटला होता. हनीफ, त्याला माझ्या दोराला लावणार नाही. ज्योतीरामच्या हाताखाली देतो, आणि तू त्याला घरूनच बजावून पाठव, की गाठ ओढून बघायची. कुणाचीही असो, कुणी कितीही रागावो. या रविवारी मी येतो आणि नक्की उतरतो. तू गुडघ्याचं कारण सांगून काम सोडलंस तेव्हा सगळ्यांत जास्त मीच हळहळलो होतो; असला गडी एका गुडघ्यापायी वाया गेला म्हणून. त्या दिवशी गाडी हलल्यावर मी पुन्हा खिडकीशी आलो होतो. सगळी माणसं पुलाच्या जिन्यानं वर चालली होती. तू एकटा काठी काखेत मारून खालून, रूळ ओलांडत, झपाझप निघाला होतास. रविवारी फलाटावरच थांब. आपण दोघं खालूनच जाऊ.

तुझाच,
कोंडाजी