ध्वनी-घटक सापडला नाही

३ मार्च

पुन्हा तीच चौकट! लिहिण्याचा प्रोग्राम उघडला की टपकन वर येते — "ध्वनी-घटक सापडला नाही. काम चालू राहील." खाली 'ठीक'चं बटण. दाबलं की गप्प. दोन वर्षं बिनतक्रार दाबतो आहे. वार्ताहराला आवाज हवा कशाला? मौनं सर्वार्थसाधनम्!

आज बोट अडलं. ही गेली त्याला चाळीस दिवस झाले. आणि काम चालू राहील म्हणे.

५ मार्च

लेकीला फोन केला. "बाबा, निरुपद्रवी आहे ते. ठीक म्हणा नि सोडून द्या."

निरुपद्रवी! या घरात माझ्याबद्दल हे विशेषण कुणी कधी वापरलं नाही.

६ मार्च

बातमीपत्र पाठवलं नाही. संपादकांना कळवलं — प्रकृती. धादांत खोटं. प्रकृती ठणठणीत आहे, तीच तर अडचण.

लिहिताना माझं दार वाजवायचं नाही, हा घरातला कायदा. मीच केलेला. सातला बाहेर यावं, तर ही दाराजवळच्या खुर्चीत चपला घालून बसलेली. "स्वारी कुठे निघाली?" — माझा रोजचा विनोद. "कुठे नाही," म्हणायची नि चपला काढून ठेवायची. मला वाटे, फरशी गार लागत असेल.

खुर्ची तिथेच आहे. चपलाही.

८ मार्च

लेकीने दुरुस्तीवाली धाडली. चष्मा कपाळावर, जिभेला धार. "काका, हा भाग आपोआप जात नसतो. कुणीतरी हाताने काढलाय."

कुणीतरी म्हणजे अस्मादिक! आठवलं. लिहिताना मध्येच टिंग टिंग व्हायचं. एक दिवस चिडून उपटूनच टाकलं. त्याच दिवशी, मी लिहायला बसण्याआधी, हिने — जन्मभर मुलींना टायपिंग शिकवलेलं, यंत्राचं भय नाही — माझ्या संगणकाशी दुपारभर काहीतरी खुडबुड केली होती. संध्याकाळी विचारलं, "अहो, साडेपाचला काही ऐकू आलं का?"

मी ताटातून मान वर न करता — "आलं, आलं."

"मग?"

"मग काय? छान आहे."

आठवडाभर रोज विचारलं. आठवडाभर मी ऐकलं म्हणालो. नंतर विचारेनाशी झाली. मला वाटलं, सुटलो!

तो भाग उद्या बसवणार आहे.

९ मार्च

भाग बसला. चौकट आली नाही. दुरुस्तीवाली चहा न घेताच गेली.

साडेपाचला संगणकातून ही बोलली. हळू आवाजात, कुणाला त्रास नको तशी —

"अहो, मी चपला घालून बसलेय. आजच्यापुरतं लिहिणं राहू द्या ना. कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."