शेवटच्या थांब्याच्या वतीने

४ मे
लेकीच्या या परदेशी शहरातला प्रसिद्ध मनोरा पाहिला. म्हणजे मनोऱ्यासमोरच्या रांगेतल्या माणसांच्या पाठी पाहिल्या. जावई म्हणाला, "आई, हसा ना, फोटो काढतोय." कशाला हसू? कुठल्याशा राजाने लोकांच्या घामावर रचलेला दगडांचा ढीग! एवढंच म्हटलं, तर लेक कुजबुजली, "आई, हे सभेचं मैदान नाही."

उद्यापासून हे शहर माझं मी बघणार.

७ मे
खरं शहर सापडलं — आमच्या इमारतीखालून सुटणारी छोटी बस! इथे तिचा शेवटचा थांबा. पुढे नुसती गोदामं. दवाखाना, भाजीबाजार, वाचनालय असं फिरून ती मला पुन्हा दारात आणून सोडते. चालकबाई धिप्पाड आणि फटकळ. पण म्हातारी माणसं नीट बसेपर्यंत गाडी हलवत नाही. कुणी कुरकुरत नाही. याला म्हणतात समाज!

शेजारी टोपीवाल्या आजी बसतात, आमच्या समोरच्या दारातल्या. त्या त्यांच्या भाषेत बोलतात, मी मराठीत. कुणाचं काही अडत नाही. आज त्या सुनेविषयी बोलत होत्या. शब्द एक कळला नाही, पण तो सूर मी ओळखते.

१२ मे
परतीचं तिकीट महिनाअखेरचं. हे गेल्यापासून तिकडचं घर खायला उठतं, हे मी लेकीला सांगितलेलं नाही. "आई, राहा इथेच," असं ती कधी म्हणते याची वाट बघते आहे. ती चकार शब्द काढत नाही. विचारते काय, तर "चहात साखर घालू?"

मीही विषय काढणार नाही. जन्मभर दुसऱ्यांसाठी मागण्या केल्या, मोर्चे नेले. स्वतःसाठी मागायचं म्हटलं की तोंडातून शब्द फुटत नाही.

१५ मे
बस बंद करणार! थांब्यावर सूचना लागली आहे. उतारू कमी, खर्च फार. लोकांचं म्हणणं ऐकायला नगरपालिकेने सभा ठेवली आहे.

"मी बोलणार."

"आई, तुझं मराठी कळणार कुणाला?"

"तू सांग ना त्यांना."

"मी? माइकवर?" लेक पांढरीफटक. शाळेत वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी हिला हमखास ताप यायचा. वडिलांवर गेली आहे. ते माझ्या सभांनाही दाराजवळ बसायचे — निसटायला बरं!

१८ मे
माणशी तीन मिनिटं म्हणे! अनुवाद त्यातच. "दीड तुझं, दीड माझं," लेक म्हणाली. दीड मिनिटात माझा घसासुद्धा खाकरून होत नाही. भाषण कापायला बसले. 'रस्ता कुणाचा?' हा मुद्दा काही काढवत नाही.

जावई म्हणाला, "आई, नुसतं 'बस हवी' म्हटलं तर?" बिचारा इंजिनिअर आहे.

२१ मे
सभा झाली, एका शाळेच्या व्यायामशाळेत. उभी राहिले. "माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आणि उपस्थित बंधू-भगिनींनो!" मग रीतीप्रमाणे आयोजकांचे आभार. मग पाहुणी असून बोलते आहे याबद्दल क्षमा. "तर आता मुख्य मुद्द्याकडे वळते —" आणि लेकीने कोपराने ढोसलं. माझी वेळ संपली! मुद्दा पोटातच राहिला.

मग लेक बोलली. आधी आवाज चिरका. मग सावरली. शेवटी टाळ्याच टाळ्या! टोपीवाल्या आजींनी चक्क रुमाल काढला. माझ्या आभारप्रदर्शनात रडण्यासारखं काय होतं?

परतताना विचारलं, "काय सांगितलंस?"

"तुझंच, आई. जरा आटोपशीर."

"रस्ता कुणाचा, ते आलं?"

"आलं गं सगळं." आणि खिडकीबाहेर बघत बसली.

२६ मे
बस राहिली! चालकबाईने हात असा दाबला की बोटं अजून ठणकताहेत. अभिनंदन नम्रपणे स्वीकारलं. नुसत्या प्रस्तावनेवर सभा जिंकणारा वक्ता माझ्या पाहण्यात दुसरा नाही!

संध्याकाळी बॅग खाली काढली. लेकीने पाहिली. तडक स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली.

२७ मे
टोपीवाल्या आजी दारात, हातात रोप लावलेली कुंडी. जावयाला म्हटलं, "चार दिवसांत निघणाऱ्या पाहुणीला कुणी रोप देतं का?"

तो गडबडला. "आई... तिने सांगितलं नाही तुम्हाला? ती सभेत म्हणाली, 'माझी आई आता इथेच राहणार आहे. आम्ही दोघं दिवसभर कामावर. बस गेली तर ती चौथ्या मजल्यावर एकटी बसून राहील.' घरी तुम्हाला विचारायला घाबरते. म्हणते, आई नाही म्हणाली तर?"

मला न विचारता भर सभेत ठराव! आणि मी तिथेच, तिच्या शेजारी उभी — सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत.