गाड्याइची बोट

समुद्रपूर

रत्नदीप जावईबापू,

जय भीम. हे पत्र पोस्टात पडणार नाई, म्हणून खरं लिहितो.

त्या दिवशी एसटी बंद पडली नव्हती, ते मी तुमाले खोटं सांगतलं. मी सकाळीच तुमच्या बेटासमोरच्या धक्क्यावर पोचलो होतो. बोटीत गाड्या चढून राह्यल्या होत्या. मले वाटलं, माणसाइची बोट अलग येईन. तीन बोटी जाऊ देल्या. कोणाले विचारलं नाई. रिटायर मास्तरले लाज वाटली. चौथ्या बोटीत एक बाई टोपली घेऊन चढली, तवा समजलं.

तवर माह्या पौर्णिमानं जीव सोडलता.

तुम्हीच मंग सांगतलं, बोटीचा भोंगा वाजला का पोरगी डोये उघडे, विचारे, "बाबा उतरले काय?"

तीनदा तुमाले नाई म्हणा लागलं.

तिचा बाप,
हरिदास